धार जिल्ह्याची जनगणना पुस्तिका: फुकट मिळते, पण वाचायची रीत माहीत हवी

इंदूरहून धारला पोचायला दीड तास पुरतो. पण इंदुरात बसून धार जिल्ह्याबद्दल लिहिलेले अहवाल वाचले की वाटते, मधे शंभर कोसांचे रान असावे. ब्लॉकला तहसील म्हटलेले असते, साक्षरतेचा दर एकूण लोकसंख्येने भागून काढलेला असतो, आणि कुक्षीकडच्या ज्या गावांत नर्मदेचे पाणी चढले तिथली जुनी घरे आजची म्हणून धरलेली असतात. खाली तळटीप एकच: ‘जनगणना २०११ नुसार’. ज्या पुस्तिकेच्या जिवावर ही तळटीप टाकली जाते, तिचे हे परीक्षण.

पुस्तिकेचे पूर्ण नाव ‘जिल्हा जनगणना पुस्तिका, धार’. भारताची जनगणना २०११, मध्य प्रदेश, मालिका २४. दोन भाग आहेत. भाग १२-अ म्हणजे गावांची आणि नगरांची निर्देशिका: कुठल्या गावात शाळा, दवाखाना, नळ, रस्ता, बँक आहे आणि जमिनीचा वापर कसा आहे. भाग १२-ब म्हणजे प्राथमिक जनगणना सार: गावागावाची डोकी, घरे, साक्षर, कामकरी. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर दोन्ही भाग पीडीएफमध्ये आणि त्यांचे तक्ते एक्सेलमध्ये मिळतात, पैसे लागत नाहीत. भाषा इंग्रजी. धारची पुस्तिका घेण्याचे कारण असे की सपाट माळवा, विंध्याचा कडा, निमाडची नर्मदाकाठची काळी जमीन आणि झाबुआला लागून असलेला भिलांचा डोंगराळ मुलूख हे सगळे या एकाच जिल्ह्यात येते. पुस्तिका जिथे जिथे फसवू शकते, त्या सगळ्या जागा इथे सापडतात. धारची पुस्तिका वाचता आली की झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन यांच्याही वाचता येतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. भाग ब उत्तम आहे, पाचापैकी साडेचार. भाग अ कामाचा, पण शिळा. अडीचच्या वर देववत नाही. आजची प्रशासकीय रचना जशी आहे तशी दोन्हींत नाही. त्यासाठी पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका, जिला सगळे एलजीडी म्हणतात, ती शेजारी उघडी ठेवावी लागते.

आधी जिल्ह्याचा ढाचा. २०११ ला धारची लोकसंख्या २१,८५,७९३: पुरुष ११,१२,७२५ आणि स्त्रिया १०,७३,०६८. हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया. क्षेत्रफळ ८,१५३ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला २६८ माणसे. शेजारच्या इंदूर जिल्ह्यात हाच आकडा ८४१ आहे. २००१ ला लोकसंख्या १७,४०,३२९ होती, म्हणजे दहा वर्षांत २५.६ टक्के वाढ. अनुसूचित जमाती जवळपास ५६ टक्के, अनुसूचित जाती साडेसहा टक्क्यांच्या थोड्या वर. साक्षरता ५९ टक्के. सुमारे ८१ टक्के लोक खेड्यांत. मात्र ‘ग्रामीण जिल्हा’ म्हणताना जरा थांबावे, कारण जिल्ह्यातले सगळ्यात मोठे शहर धार नाहीच. पिथमपूर १,२६,२०० आणि धार शहर ९३,९१७. जिल्ह्याची सरासरी काढताना पिथमपूरचे कामगार डही-गंधवानीच्या शेतकऱ्यांत मिसळतात आणि हाती येणारा आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो. म्हणून पुस्तिकेतला ‘एकूण’ रकाना शक्यतो वापरू नये. ग्रामीण आणि शहरी वेगळे घ्यावे, आणि ग्रामीणमध्येही ब्लॉकवार जावे.

इथेच पहिली गाठ येते. तहसील ही महसुलाची रचना: तहसीलदार, राजस्व निरीक्षकाचे मंडळ, पटवारी (म्हणजे तलाठी) हल्का, शेवटी महसुली गाव. ब्लॉक म्हणजे विकासखंड ही विकासकामांची रचना: जनपद पंचायत, तिचा मुख्य कार्यपालन अधिकारी, खाली ग्रामपंचायत, सचिव, रोजगार सहायक. महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाने जनपद पंचायत म्हणजे तिकडची पंचायत समिती समजावी. तिकडे तालुका आणि पंचायत समितीची हद्द साधारण एकच असते, त्यामुळे दोन्ही शब्द अदलाबदलीने वापरायची सवय लागलेली असते. धारमध्ये ती सवय महागात पडते. २०११ ला इथे तहसिली ७ आणि ब्लॉक १३ होते. धार तहसिलीच्या पोटात ढोबळमानाने धार, नालछा आणि तिरला हे तीन ब्लॉक. कुक्षी तहसिलीत कुक्षी, बाग, डही आणि निसरपूर हे चार. मनावरमध्ये मनावर आणि उमरबन. सरदारपूर, बदनावर, गंधवानी आणि धरमपुरी यांना एकेकच. त्यामुळे ‘कुक्षीची लोकसंख्या’ या शब्दांना तीन अर्थ होतात: कुक्षी नगर, कुक्षी ब्लॉक, कुक्षी तहसील. तिन्ही आकडे पुस्तिकेत आहेत, तिन्ही बरोबर आहेत आणि एकमेकांपासून बरेच लांब आहेत. अहवालात कुठला घेतला ते लिहिलेले नसेल तर तो आकडा टाकाऊ समजावा.

भाग ब ची चांगली बाजू ही की गावांची मांडणी ब्लॉकवार मिळते. आधी बहुतेक काम तहसिलीवर अडायचे, आणि योजना सगळ्या ब्लॉकने येतात. जनपदमध्ये जाऊन बोलायचे असेल तर ब्लॉकचा तक्ता हातात हवा. एसडीएम किंवा तहसील कार्यालयात काम असेल तर तहसिलीचा. दोन्ही तक्ते एकत्र चिकटवून एकच बेरीज मारू नये.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेत जिल्ह्याचा इतिहास येतो, पण तो पर्यटनाच्या पत्रकासारखा आहे: मांडू, भोज, बागच्या गुहा. प्रशासकीय रचना समजायला लागणारी गोष्ट त्याहून साधी आहे. १९४८ मध्ये मध्य भारत झाला तेव्हा पवारांच्या धार संस्थानाला शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला अमझेऱ्याकडचा मुलूख जोडला गेला. धार, बदनावर, कुक्षी पवारांकडची. सरदारपूर, बाग, मनावरकडचा पट्टा शिंद्यांचा. इंदूरच्या मराठी घरांतून धारचे पवार ठाऊक असतात, पण अमझेरा त्यांच्याकडे नव्हता हे बहुतेकांना ठाऊक नसते. जुन्या संस्थानी नोंदींतून गावाची लोकसंख्या शोधणाऱ्याने आधी गाव कुणाच्या मुलखात होते ते बघावे. १९४१ आणि त्याआधीचे आकडे वेगवेगळ्या संस्थानांच्या खंडांत विखुरलेले आहेत. जिल्हा पुस्तिकांची परंपराच मुळी १९५१ च्या जनगणनेपासूनची.

आणखी दोन थर आहेत. ते पुस्तिकेच्या तक्त्यांत दिसत नाहीत, पण काम करताना पदोपदी लागतात. पहिला संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचा, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या वेगळ्या तरतुदींचा. २००३ च्या आदेशाप्रमाणे धारच्या सरदारपूर, धार, कुक्षी, धरमपुरी, गंधवानी आणि मनावर या तहसिली अनुसूचित क्षेत्रात येतात. बदनावर येत नाही. मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ पासून पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचे, नियम लागू केले ते या सहा तहसिलींच्या हद्दीत चालतात. त्यामुळे ‘धार हा पेसा जिल्हा’ हे विधान अर्धवट आहे. पेसात फलियाचीही, म्हणजे गावातल्या एखाद्या पाड्याचीही, वेगळी ग्रामसभा होऊ शकते, म्हणून ग्रामसभांची संख्या महसुली गावांच्या संख्येशी जुळेलच असे धरून चालू नये.

दुसरा थर मतदारसंघांचा. जिल्ह्यात विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत: सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार आणि बदनावर. नावे जवळजवळ तहसिलींचीच, हद्दी मात्र वेगळ्या आखलेल्या. धार लोकसभा मतदारसंघात आठवा भाग महूचा येतो, आणि महू इंदूर जिल्ह्यात आहे. लोकसभेच्या मतदारसंख्येवरून जिल्ह्याची लोकसंख्या काढणारे लेख निवडणुकीच्या हंगामात दर वेळी निघतात. ते वाचून सोडून द्यावेत.

आता फायलींकडे. संकेतस्थळावर धारच्या पीडीएफच्या नावात २३२१ हा आकडा असतो, इंदूरच्या २३२२. यात २३ हा मध्य प्रदेशचा कोड आणि २१ हा राज्यातला जिल्ह्याचा क्रमांक. तक्त्याच्या आत मात्र धारचा जिल्हा कोड ४३८ आहे आणि इंदूरचा ४३९, कारण २०११ ला जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक दिले गेले. गावाचा कोड सहा आकडी आणि देशात एकमेव. शहरांचे कोड ८ ने सुरू होतात. एलजीडीचा स्वतःचा कोड याहून वेगळा असतो, पण तिच्या तक्त्यात २०११ चा जनगणना कोड शेजारच्या रकान्यात दिलेला आहे. दोन स्रोत जोडायचे ते या रकान्यावर. नावावर जोडायला जाऊ नये. रोमन लिपीत खेडी आणि खेडा, बर्डा आणि बरदा यांचे काय होते ते तक्ता उघडल्यावर कळते. एकाच ब्लॉकमध्ये एकाच नावाची दोन-तीन गावे हा तर नेहमीचा प्रकार, खुर्द आणि कलां कधी लिहिलेले, कधी गाळलेले. आणि एक खास धारचा सापळा: सरदारपूरला खेटून राजगढ नावाचे नगर आहे. राज्याच्या फायलीत ‘राजगढ’ शोधले की भोपाळच्या वायव्येचा राजगढ जिल्हाच समोर येतो. शोधताना जिल्ह्याचा रकाना आधी गाळून घ्यावा.

एक्सेल उघडताना पहिली चूक कोडच्या रकान्यात होते. उपजिल्ह्याचे म्हणजे तहसिलीचे कोड पाच आकडी असतात आणि मध्य प्रदेशचे शून्याने सुरू होतात. एक्सेलने त्यांना संख्या समजले की पुढचे शून्य गळते, आणि मग दुसऱ्या फायलीशी जोडणी लागत नाही. फाइल नुसती उघडू नये. आयात करताना कोडचे सगळे रकाने मजकूर म्हणून घ्यावेत. दुसरी चूक याहून सर्रास. भाग ब च्या फायलीत जिल्हा, ब्लॉक, गाव, नगर, प्रभाग अशा सगळ्या पातळ्या एकाच रकान्याखाली एकामागून एक येतात. वरून खाली बेरीज मारली की तीच माणसे दोनदा, तीनदा मोजली जातात. ‘पातळी’च्या रकान्यात फक्त गाव निवडावे, लोकसंख्येची बेरीज घ्यावी, आणि ती त्या ब्लॉकच्या ग्रामीण ओळीशी जुळते का बघावे. एका माणसाचाही फरक पडला तर गाळणी चुकली आहे, आकडा नाही. ही तपासणी न करता पुढे गेलेला तक्ता आम्ही हातात घेत नाही.

ज्या गावांपुढे शून्य लोकसंख्या आहे ती गाळून टाकू नयेत. ती वैराण, म्हणजे वस्ती नसलेली महसुली गावे. पटवाऱ्याच्या नोंदीत ती आहेत, त्यांना खसरा (जमिनीचा क्रमांक) आहे, शेती आहे, फक्त चूल नाही. क्षेत्रफळाची बेरीज करताना ती हवीत, सरासरी गावाची लोकसंख्या काढताना नकोत.

साक्षरतेचे गणित लिहूनच टाकतो, कारण इतके चुकते. साक्षरतेचा दर सात वर्षे आणि त्यावरच्या लोकांतून काढायचा असतो. ०-६ वयाची मुले तक्त्यात निरक्षरांतच धरलेली असतात. समजा, गावाची लोकसंख्या १,०००, ०-६ ची मुले १८० आणि साक्षर ४००. दर निघतो ४०० भागिले ८२०, म्हणजे ४८.८ टक्के. हजाराने भागले तर ४०. डोंगराळ ब्लॉकमध्ये लहान मुलांचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे ही चूक आणखी मोठी दिसते, आणि मग ‘बागपेक्षा बदनावर इतक्याने पुढे’ असली तुलनाही बिघडते. साक्षर म्हणजे शाळेत गेलेला असेही नाही. कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणे एवढीच अट आहे.

कामकऱ्यांचे रकाने सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात कमी वाचलेले. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य कामगार, त्याखालचा सीमांतिक. सीमांतिकात पुन्हा तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांहून कमी असे दोन भाग. शेतकरी या रकान्यात जमिनीचा मालक असण्याची अट नाही. बटाईने किंवा ठेक्याने शेत करणारा आणि घरच्या शेतात राबणारी बाई दोघेही शेतकरीच. जमीन पूर्णपणे बटाईने देऊन धार शहरात बसलेला मालक शेतकरी नाही. म्हणून कपाशीचे बियाणे किंवा ठिबकचा माल विकणाऱ्याने हा रकाना खातेदारांची संख्या म्हणून धरला तर हिशेब फसतो. खाती आणि त्यांचे आकार हवे असतील तर कृषी गणना बघावी, २०१५-१६ ची तरी. गुरे पाळणारे, वनातून गोळा करणारे हे ‘इतर कामगार’ या रकान्यात जातात, जिथे पिथमपूरच्या कारखान्यातला फिटर आणि धारचा शिक्षकही असतो. ग्रामीण ओळीत ‘इतर’ जास्त दिसले की लगेच ‘औद्योगिकीकरण’ लिहू नये.

पुस्तिका सांगत नाही ते आता. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र. त्या वर्षी होळी १९ मार्चला पेटली, म्हणजे भगोऱ्याचे हाट, होळीआधी भरणारे आदिवासींचे जत्रेसारखे बाजार, मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरले. कुक्षी, बाग, डही, गंधवानीकडून मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबे भगोऱ्याला परततात. नियम असा की प्रगणनेच्या पूर्ण काळात जो जिथे होता तिथे तो मोजला जातो. मधे काही दिवस घरी असला तर घरी. जी कुटुंबे फेब्रुवारीभर बाहेर होती ती तिकडच्या जिल्ह्यात मोजली गेली. पश्चिमेकडच्या ब्लॉकमध्ये एखाद्या फलियाची घरे जागेवर आहेत आणि माणसे कमी दिसतात, तेव्हा प्रगणकाला दोष देण्याआधी तारीख बघावी. पाण्याची टाकी किंवा रेशनचा अंदाज या आकड्यावर बांधला तर भगोऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत तो कमी पडणार. किती कमी, हे गावातच विचारावे लागते. पुस्तिकेतल्या सीमांतिक कामगारांच्या रकान्यावरून फक्त कुठे विचारायला जायचे ते कळते.

फलियाचा प्रश्न तर पुस्तिकेच्या आवाक्याबाहेरच आहे. भिलांचे गाव म्हणजे टेकड्यांवर पसरलेले फलिये, दोन फलियांत कधी दोन किलोमीटर. जनगणनेचे एकक महसुली गाव. गावात ‘हातपंप आहे’ म्हणजे एका फलियात आहे.

त्यातून भाग अ कडे येऊ. इथे प्रत्येक गावापुढे सोयींची रांग असते. पीडीएफमध्ये सोय नसेल तर जवळच्या जागेचे अंतर अक्षरात: ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या वर. एक्सेलमध्ये आहे-नाहीच्या ठिकाणी १ आणि २ असतात. १ म्हणजे आहे, २ म्हणजे नाही. नवखा माणूस नाहीला शून्य समजतो, रकान्याची बेरीज करतो आणि नळ नसलेल्या गावांना दुप्पट नळ देऊन मोकळा होतो. बेरीज नको, १ किती वेळा आला ते मोजावे. अंतर सरळ रेषेचे की रस्त्याचे, हे गावकऱ्याने किंवा पटवाऱ्याने सांगितले तसे समजावे. निसरपूर-डहीच्या घाटांत ‘पाचच्या आत’ला पायी दीड तास लागू शकतो.

खरी अडचण वर्षाची. एक्सेलच्या संदर्भ-वर्षाच्या रकान्यात २००९ लिहिलेले आहे. लोकसंख्या २०११ ची आणि सोयी २००९ च्या. प्रधानमंत्री सडक, मोबाइलचे मनोरे, घरोघर वीज या तिन्ही बाबतींत तेव्हाचे चित्र आज ओळखूही येणार नाही. सोयींसाठी मिशन अंत्योदयाचे सर्वेक्षण जास्त ताजे आहे, जरी ते पंचायतीने स्वतः भरलेले असल्याने थोडे गोड असते. भाग अ आजही ज्यासाठी उघडावा ते म्हणजे जमिनीचा वापर: वन, पडीक, चराई, निव्वळ पेरा आणि विहीर, कालवा, तलाव अशी सिंचनाची विभागणी, सगळे हेक्टरमध्ये. गावपातळीवर हे एका जागी दुसरीकडे सहज मिळत नाही. घनता काढताना हेक्टरला शंभराने भागून चौरस किलोमीटर करायचे विसरू नये.

याच फायलीत ग्रामपंचायतीचे नावही आहे, आणि भाग ब मध्ये ते नाही. त्यामुळे पंचायतवार लोकसंख्या हवी असेल तर दोन्ही फायली गावाच्या सहा आकडी कोडवर जोडाव्या लागतात. जोडणी तासाभरात होते. पण पंचायती २००९ च्या. त्यानंतर काही फुटल्या, काही गावे इकडची तिकडे गेली, काही गावांवर नगर परिषदेची हद्द चढली. म्हणून तिसरा टप्पा: एलजीडीवरून गाव आणि ग्रामपंचायत यांच्या जोडणीचा तक्ता उतरवावा, जनगणना कोडवर लावावा, आणि जी गावे रिकामी राहतील ती हाताने सोडवावीत. धारच्या एका ब्लॉकचे काम एका दुपारी होते. एकदा केलेला तक्ता जपून ठेवावा आणि नावात एलजीडीची तारीख लिहावी, कारण ती यादी चालती आहे. आज उतरवली तशी पुढच्या वर्षी नसेल. तहसिलींचेही तेच. डही २०११ ला कुक्षीच्या पोटातला ब्लॉक होता, आता स्वतंत्र तहसील आहे. राज्यात २०११ ला ५० जिल्हे होते, आता ५५.

नर्मदाकाठ वेगळाच काढावा. सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये भरले. निसरपूर, चिखलदा आणि कुक्षी-मनावर-धरमपुरीच्या काठची वस्ती हलली, पुनर्वसन वसाहती दुसऱ्या गावांच्या शिवारात उभ्या राहिल्या. पुस्तिकेत ही गावे २०११ च्या भरल्या लोकसंख्येनिशी आहेत, आणि ज्यांच्या शिवारात वसाहत आली ती जुन्याच आकड्यावर. या पट्ट्यात २०११ चा गावपातळीचा आकडा आजचा म्हणून वापरणे म्हणजे सरळ चूक आहे. ‘तेव्हाची’ नोंद म्हणून मात्र त्याचे मोल वाढलेच आहे. इथे चालू आकड्यासाठी मतदार यादी आणि समग्र पोर्टल, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबांची नोंदवही, धरावे. समग्रमध्ये कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी क्रमांक असतो, आणि पंचायतवार कुटुंबे कळतात. वारलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे तिथे रेंगाळतात, म्हणून तो आकडा वरच्या मर्यादेचा समजावा.

भिल, भिलाला, बारेला, पटेलिया वेगवेगळे किती, असे विचारणाऱ्याला पुस्तिका उत्तर देत नाही. अनुसूचित जमाती एवढा एकच रकाना आहे. जमातवार तक्ते जिल्हापातळीवर वेगळे निघतात, पण मध्य प्रदेशच्या यादीत हे चारही एकाच नोंदीत बांधलेले असल्याने तिथेही निराशाच होते. भाषेचे तसेच: मातृभाषा पुस्तिकेत नाही, सी-१६ हा तक्ता वेगळा उतरवावा लागतो. त्यात माळवी आणि निमाडी हिंदीच्या पोटात सापडतात, भिलाली भिलीच्या. धारमधल्या मराठी घरांचा अंदाज हवा असेल तर तोही इथूनच मिळतो, जातींवरून किंवा आडनावांवरून नव्हे.

‘धार जिल्ह्याची २०२५ ची लोकसंख्या’ असे मथळे देणारी संकेतस्थळे बरीच आहेत. सरकारी तांत्रिक गटाचा २०११ ते २०३६ चा अंदाज राज्यपातळीपर्यंतच आहे. जिल्ह्याचा आकडा कुणी छातीठोक देत असेल तर त्याने २५.६ टक्के पुढे ओढलेले असतात, आणि ते ओढताना पिथमपूर आणि निसरपूर एकाच दराने वाढवलेले असतात.

छापील प्रत हवीच असेल तर सगळी छापू नका. भाग अ ची पाने आडवी आणि रकाने इतके की ए-४ वर भिंग लागते. आपल्या ब्लॉकची पाने तेवढी ए-३ वर काढावीत, सोबत रकान्यांच्या क्रमांकांचा खुलासा असलेले पान जरूर घ्यावे. त्याच्याशिवाय तक्ता मुका आहे.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भाने होते आहे, मोबाइलवरून आणि जातीच्या नोंदीसह. त्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला जशा होत्या तशा गोठवल्या आहेत. म्हणून आत्ताच करून ठेवायचे एक काम आहे: धारच्या सगळ्या तहसिली, ब्लॉक, पंचायती आणि गावांचा एलजीडीतला तक्ता उतरवून, २०११ चा कोड शेजारी ठेवून, बाजूला ठेवावा. नवे आकडे आले की २०११ शी तुलना करायला हाच पूल लागेल, आणि तोपर्यंत एलजीडी पुन्हा बदललेली असू शकते. होळी २०२७ मध्येही मार्चच्या उत्तरार्धात आहे, तेव्हा पश्चिमेकडच्या ब्लॉकचे आकडे हाती आले की भगोऱ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.